खिडकीच्या मापाचा गुलाब

गुलाबाची बाग म्हटली की आपल्यापुढे बंगला उभा राहतो. कडेने विटांची तिरकी रांग, आत कमरेएवढी झाडे आणि सकाळी पाइप धरून उभा असलेला माळी. पुण्या-नाशकाकडे अशा बागा अजून थोड्याफार टिकून आहेत. मुंबईच्या उपनगरांत त्या जवळपास संपल्या, आणि जोगेश्वरीत तर नव्याने होण्याचा संभवच नाही. पूर्वेला मेघवाडी, मजास, पूनमनगर. पश्चिमेला बेहरामबाग आणि ओशिवऱ्याकडची वस्ती. मधून रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग. चाळी, म्हाडाच्या इमारती आणि झोपडपट्टी पुनर्वसनाचे मनोरे एकमेकांना खेटून उभे आहेत. पुनर्वसनातले घर आधी २२५ चौरस फुटांचे असे, पुढे २६९ चे झाले, आता ३०० चे मिळते. या घराच्या वाट्याला जमीन येत नाही. येते ती एक खिडकी, तिला बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल आणि वर दोन फुटांचा छज्जा. अशा घरातल्या माणसाने गुलाबाची हौस बोलून दाखवली की लोक त्याला छोटा गुलाब सुचवतात, पण सुचवताना आवाजात थोडे सांत्वन असते. मोठा काही तुम्हाला जमायचा नाही, निदान हा तरी घ्या. मिनिएचर आणि पॅटिओ गुलाबांविषयीचा सगळा गैरसमज त्या ‘निदान’मध्ये साठलेला आहे. हे पुस्तक तो दूर करण्यासाठी आहे. माझे म्हणणे असे की छोटा गुलाब ही उपनगरातल्या माणसाची तडजोड मुळीच नाही. मुंबईच्या हवेत आणि मुंबईच्या खिडकीत ज्याच्याकडून पहिल्या प्रतीचे फूल मागता येईल असा तोच एक गुलाब आहे. आणि ही गोष्ट घरात बसून सिद्ध होत नाही. ती सिद्ध करायची तर कुंडी उचलून प्रदर्शनाच्या मांडवात न्यावी लागते.

आधी ओळख करून देतो. मिनिएचर गुलाबाचे झुडूप वीतभर ते दोन वीत उंच, फूल साधारण अडीच ते चार सेंटिमीटरचे. पॅटिओ त्याहून थोराड, गुडघ्यापर्यंत येणारा, फूल पाच-सहा सेंटिमीटरचे, बहुधा झुबक्याने येणारे. पण खरी ओळख उंचीवरून पटत नाही, ती प्रमाणावरून पटते. अस्सल मिनिएचरमध्ये पान, देठ, काटा, कळी, दोन पानांमधले अंतर हे सगळे एकाच हिशेबाने लहान झालेले असते. मोठ्या पानांच्या, जाड काडीच्या झाडावर बारके फूल दिसले तर ते मिनिएचर नव्हे. आपल्याकडे नर्सरीत ‘बटण गुलाब’ या एका नावाखाली पॉलिअँथापासून उपासमारीने खुरटलेल्या मोठ्या गुलाबापर्यंत काहीही मिळते, त्यामुळे ही पारख खरेदीआधीच करायला हवी. खुरटणे आणि लहान असणे यांतला फरक काही जाणत्या बागाईतदारांनाही मान्य नसतो. त्यांना हा बोन्सायचाच एक प्रकार वाटतो. तसे नाही. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात डच संशोधकांनी संकर करून दाखवले की या गुलाबांचा बुटकेपणा एका प्रभावी जनुकातून येतो. म्हणजे हे झाड कुंडी लहान असल्यामुळे लहान राहत नाही. मैदानात लावले तरी ते बुटकेच राहील. बोन्सायला रोज आवर घालावा लागतो, याला फक्त पोसावे लागते.

या जनुकाचा प्रवास बघितला की खिडकीशी असलेले नाते आणखी स्पष्ट होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या एका स्विस लष्करी डॉक्टरला डोंगराळ खेड्यातल्या खिडक्यांत, कुंड्यांमध्ये वाढवलेला एक इवलासा गुलाब दिसला. त्याने तो जिनिव्हाच्या आंरी कोरेव्हॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आणला आणि कोरेव्हॉनने १९२२ च्या सुमारास रूलेच्याच नावाने तो जगापुढे मांडला. हा गुलाब चिनी गुलाबाचा बुटका प्रकार होता. चिनी गुलाब युरोपात गेले त्यांतले काही कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून गेले होते आणि तिकडे बराच काळ ‘बंगाल गुलाब’ म्हणून ओळखले जात. पुढे हॉलंडमधल्या बॉस्कोपच्या यान द व्हिंक यांनी रूलेच्या गुलाबाचा संकर करून ‘टॉम थंब’ काढला, तो १९३६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. स्पेनमध्ये पेद्रो डॉट यांनी, आणि मुख्य म्हणजे कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलियाच्या राल्फ मूर यांनी हे काम पुढे नेले. १०२ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या मूर यांनी त्यातली सत्तरहून अधिक वर्षे या एका छंदात घालवली. ‘ईस्टर मॉर्निंग’, ‘मॅजिक कॅरोसेल’, ‘राइज अँड शाइन’ हे त्यांचे गुलाब. तेव्हा ‘हा बागेतला गुलाब, जागा नाही म्हणून खिडकीत आणला’ असे म्हणणाऱ्यांनी इतिहास उलटा वाचलेला असतो. हा खिडकीत सापडला आणि तिथून बागेत गेला.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप हवेचा आहे. मुंबईत गुलाब होत नाही, असे पुण्याचे लोक म्हणतात आणि मुंबईचे लोक मान्य करतात. त्यात तथ्य आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जातो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजायला पान सलग सात तास ओले मिळाले की पुरते. जुलैत उघड्यावरच्या झाडाचे पान सात तास सोडाच, सात दिवस वाळत नाही. त्यात हिवाळाही नावापुरता. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, कळी सावकाश उमलते, पाकळीला जाडी येते, रंग गडद होतो. मुंबईत रात्रीचा पारा बहुधा सतरा-अठराच्या आसपासच थांबतो. मोठ्या गुलाबाची कळी सकाळी भरदार दिसते आणि दुपारपर्यंत सैल पडते. या परिस्थितीत जोगेश्वरीच्या माणसाने हायब्रिड टीसारखा मोठा गुलाब घेऊन पुणेकराशी स्पर्धा करणे म्हणजे हरण्याची तयारी ठेवूनच उतरणे होय. इथपर्यंत आक्षेप बरोबर आहे.

पण हाच हिशेब छोट्या गुलाबाला लावून पाहा. उष्ण रात्री गुलाबाकडून सर्वांत आधी काय हिरावून घेतात? फुलाचे आकारमान. मिनिएचरला त्याची गरजच नाही. फूल अडीच सेंटिमीटरऐवजी सव्वादोनचे झाले म्हणून त्याच्या देखणेपणात काही उणे येत नाही. उलट प्रदर्शनातल्या मिनिएचर वर्गाच्या मर्यादेत ते अधिक शोभते. राहिला पाऊस. पावसाळ्यात बंगल्याच्या बागेतला गुलाब जागचा हलू शकत नाही. लाल मातीने भरलेली आठ इंची कुंडी पाणी घातल्यावर फार तर सात किलो भरते, कोकोपीट आणि गांडूळखताचे हलके मिश्रण वापरले तर त्याच्या निम्मी. ती उचलून छज्ज्याखाली, भिंतीलगत ओढता येते. नैर्ऋत्येचा वारा सुटला की पश्चिमेच्या खिडक्यांवर पावसाचा मारा थेट बसतो. पूर्वेच्या खिडकीतली कुंडी त्या मानाने कोरडी राहते आणि ढग फाटले तर सकाळचे ऊन पान सुकवून जाते. पान सात तास ओले राहू न देणे ही काळ्या ठिपक्यांवरची सर्वांत स्वस्त फवारणी आहे, आणि ती छज्जा फुकट करतो. पावसाळ्यात या झाडांकडून फुलांची अपेक्षा ठेवू नये, खत हात राखून द्यावे, ठिपके पडलेली पाने खुडून थेट कचऱ्यात टाकावीत. झाडाने पाने सांभाळून सप्टेंबर ओलांडला, एवढेच त्या चार महिन्यांचे यश.

उन्हाचा आक्षेप याहून खरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, आणि खिडकीत ते कुठून येणार, असे विचारतात. उत्तर दिशेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीला दुपारी ऊन मिळत नाही. पण तो पावसाचा, विश्रांतीचा काळ आहे. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलू लागतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा खिडकीच्या वरच्या सव्वादोन फुटांतच संपते, आणि ग्रिलच्या तळाशी ठेवलेली कुंडी सकाळपासून दुपार उलटेपर्यंत उन्हात न्हाते. म्हणजे दक्षिणेची खिडकी गुलाबाला नेमकी त्या महिन्यांत ऊन पुरवते ज्या महिन्यांत त्याला कळ्या धरायच्या असतात आणि प्रदर्शने भरायची असतात. पूर्वेच्या खिडकीला सकाळचे चार तास मिळाले तरी मिनिएचर बऱ्यापैकी निभावतो. पश्चिमेची खिडकी मार्च-एप्रिलात झाड होरपळवते, पण हिवाळ्यात चालते. उत्तरेच्या खिडकीत गुलाब लावू नये. तसेच समोरचा मनोरा हातभर अंतरावर असेल आणि घर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल, तर दिशा कोणतीही असो, तिथे गुलाबाची उमेद धरण्यात अर्थ नाही. तुळससुद्धा तिथे कुढते. अशा घरांसाठी या पुस्तकात उपाय नाही.

कुंडी, माती, पाणी यांचे तपशील पुढे प्रकरणवार येतीलच. इथे दोन-तीन मुद्दे मांडतो, कारण ते मुख्य युक्तिवादाला धरून आहेत. झाड स्वतःच्या मुळांवरचे घ्यावे, डोळा भरलेले नव्हे. मिनिएचरचा डोळा जोमदार खुंटावर भरला की झाड मापाबाहेर ताडमाड होते, काडी जाड होते, फुलाचा आणि पानाचा मेळ तुटतो. शिवाय खुंटाचे रानटी फुटवे सतत काढत बसावे लागतात. बोटभर काडी पावसाळ्यात कोकोपीटमध्ये खोचली तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरते. हा गुलाब वाढवायला कलमाचे कसब लागत नाही. दुसरे, मॉलमध्ये किंवा भेटवस्तूंच्या दुकानात जो फुललेला ‘मिनी गुलाब’ मिळतो त्या एका कुंडीत बहुधा तीन-चार वेगवेगळ्या काड्या दाटीने लावलेल्या असतात. दुकानाच्या टेबलावर तो ताटवा शोभतो, घरी आल्यावर महिन्याभरात कोमेजतो, आणि घेणारा ‘हे नाजूक प्रकरण आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. पावसाच्या सुरुवातीला त्या काड्या सोडवून वेगळ्या लावल्या तर तेच झाड वर्षानुवर्षे चालते. तिसरे पाण्याचे. पालिकेचे पाणी तलावांचे असल्याने क्षार कमी, ते कुंडीला मानवते. इमारतीच्या बोअरवेलचे पाणी मात्र पानांच्या कडा करपवते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि पालिकेची माणसे तपासणीला येतात तेव्हा पहिली नजर तिथेच जाते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी ठिबकले तर होणारे भांडण तर डासांहून त्रासदायक. हलके मिश्रण, मोजून पाणी आणि रोज रिकामी होणारी ताटली, एवढ्यात हे आक्षेप मिटतात. कबुतरांवर मात्र जाळीशिवाय इलाज नाही.

झाड वाढवणे इथवर ठीक, पण प्रदर्शन कशाला? हा प्रश्न विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणतात, फूल स्वतःच्या आनंदासाठी असावे, त्याला गुण देणे म्हणजे हौसेचा बाजार मांडणे. दुसरे म्हणतात, हा मोठ्या लोकांचा खेळ आहे, चाळीतल्या माणसाने त्यात कशाला पडावे. दुसऱ्या आक्षेपाला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. पहिले मोठे गुलाब प्रदर्शन लंडनमध्ये १८५८ साली भरवणारे रेव्हरंड रेनॉल्ड्स होल यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात नॉटिंगहॅमच्या कामगारांच्या गुलाब प्रदर्शनाचे वर्णन केले आहे. ते एका साध्या खानावळीवजा गुत्त्यात, ईस्टरच्या सोमवारी भरले होते. त्या कारागिरांनी शहराबाहेरच्या चिंचोळ्या तुकड्यांत, मोडक्यातोडक्या काचेखाली गुलाब वाढवले होते, आणि कडाक्याच्या रात्री झाडांना थंडी लागू नये म्हणून अंगावरची पांघरुणे नेऊन त्यांच्यावर घातली होती. होल स्वतः धर्मगुरू, मोठ्या बागेचा मालक. पण त्या गुत्त्यातली फुले पाहून ते चकित झाले. गुलाब प्रदर्शनाची परंपरा दरबारी वाटते ती नंतरच्या काळातल्या छायाचित्रांमुळे. तिच्या मुळाशी गिरणी आणि कारखान्यांतली माणसेही होती. गिरणगावातून उठून उपनगरांत स्थिरावलेल्या वस्तीला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर परीक्षक नेमके काय बघतात हे सांगायला हवे. अमेरिकन रोझ सोसायटीची गुणपद्धती जगभर बरीच रूढ आहे. तीत शंभरांपैकी फुलाच्या घडणीला २५, रंगाला २०, पाकळीच्या कसाला १५, देठ आणि पानांना २०, तोल-प्रमाणाला १० आणि आकारमानाला १० गुण असतात. या आकड्यांकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते: शंभरांतले नव्वद गुण फूल किती मोठे आहे याची चौकशीच करत नाहीत. मधल्या गाठीभोवती पाकळ्यांचा चक्राकार वळसा बिनचूक आहे का, बाहेरच्या पाकळ्या सारख्या पसरल्या आहेत का, पाकळी ताठ आहे की मऊ पडली आहे, रंग कडेला विटला आहे का, देठ सरळ आहे का, पान धुतलेले आणि अखंड आहे का, हे प्रश्न सेंटिमीटरचे नाहीत. उरलेले दहा गुणही मिनिएचरमध्ये त्या जातीच्या स्वाभाविक मापावरून दिले जातात. खिडकीतल्या गुलाबाला म्हणूनच बागेतल्या गुलाबाच्या बरोबरीने उभे राहता येते, आणि हे बरोबरीचे मैदान प्रदर्शनाखेरीज दुसरीकडे नाही. घरातला ‘छान आलंय हं’ हा अभिप्राय फुलाला काही शिकवत नाही आणि वाढवणाऱ्यालाही नाही. एकाच ताटात पाच जणांची पाच फुले शेजारी शेजारी ठेवली की आपल्या फुलाचा मध्य किंचित डावीकडे कलला आहे हे परीक्षकाने न सांगता दिसते. आणि पुढच्या हंगामात कुंडी दर आठ दिवसांनी पाव वळसा फिरवायची सवय लागते, कारण खिडकीतले ऊन एकाच बाजूने येते. या शिस्तीला बाजार म्हणणे मला पटत नाही.

छोट्या गुलाबाची आणखी एक सोय आहे, जी नियमांच्या पुस्तकात लिहिलेली नसते. कुंडीतल्या हायब्रिड टीवर चार-पाच काड्या असतात. प्रदर्शनाच्या सकाळी त्यांतली एक तरी अर्धी-पाऊण उमललेली सापडेल यावर सगळा डाव. मिनिएचरवर पंधरा-वीस काड्या सहज असतात, आणि त्यांतली एखाददुसरी नेमक्या अवस्थेत मिळण्याची शक्यता आपोआप वाढते. हिशेब असा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरचा कडाका ओसरत आला की मोठी छाटणी. नोव्हेंबरअखेर पहिला बहर. मग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर नजर ठेवून डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हलकी छाटणी. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा-सात आठवडे धरावेत. एका काडीवर एकच फूल ठेवायचे तर बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने खुडाव्यात. उशीर केला की डाग राहतो आणि परीक्षक तो ओळखतो. फूल आदल्या दिवशी भल्या पहाटे कापून मानेपर्यंत कोमट पाण्यात बुडवून ठेवावे आणि नंतर फ्रिजच्या दारात स्टीलच्या पेल्यात उभे करावे. फक्त त्याच फ्रिजमध्ये केळी, सफरचंदे, चिकू नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणारा एथिलीन वायू मिनिएचर गुलाबांना फार लवकर बाधतो. एका रात्रीत पाकळ्या गळतात आणि दोष बिचाऱ्या जातीवर येतो.

मग कुंडीच मांडायची असेल तर ती नेण्याचा प्रश्न. मुंबई महापालिकेचे फुलझाडांचे प्रदर्शन भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरते. त्याच सुमारास पुण्यात एम्प्रेस गार्डनचे प्रदर्शन असते. ते भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० पासूनची. चौदा इंची कुंडीतला मोठा गुलाब जोगेश्वरीहून भायखळ्याला न्यायचा तर टेम्पो करावा लागतो, आणि टेम्पोचे भाडे ही हौशी माणसाला प्रदर्शनापासून दूर ठेवणारी सर्वांत मोठी अडचण असते. आठ इंची कुंडी मांडीवर बसते. पहाटेच्या पहिल्या गाड्यांनी दादरला उतरून मध्य रेल्वे पकडली की भायखळा चौथ्याच स्थानकावर. छोट्या गुलाबाने प्रदर्शनाचा दरवाजा कोणासाठी उघडला याचे उत्तर या भाड्याच्या फरकात आहे.

प्रदर्शन झाडालाच बिघडवते, अशीही एक तक्रार आहे, आणि ती मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत मिनिएचरच्या संकरात फ्लोरिबंडा आणि हायब्रिड टीचे रक्त जसजसे वाढत गेले तसतशी फुले मोठी होत गेली. शेवटी १९९९ मध्ये तिथल्या सोसायटीला ‘मिनीफ्लोरा’ हा वेगळा वर्गच करावा लागला. ब्रिटनमध्ये तशाच मधल्या मापाच्या गुलाबांना पॅटिओ म्हणतात. ‘स्वीट मॅजिक’ आणि ‘स्वीट ड्रीम’ हे १९८७ आणि १९८८ मध्ये लागोपाठ तिथले ‘रोझ ऑफ द इयर’ ठरले, आणि या गटाला प्रतिष्ठा मिळाली. म्हणजे स्पर्धेमुळे माप सरकते हे खरे. पण त्यावरचा उपाय स्पर्धा बंद करणे नसून वर्ग नीट आखणे हा आहे. जिथे पॅटिओला वेगळा वर्ग नसतो तिथे तो मिनिएचरमध्ये बसवला तर थोराड ठरतो आणि फ्लोरिबंडात बसवला तर केविलवाणा. दोन्हीकडे बक्षीस हुकते आणि लोक तो लावणे सोडतात. आपल्याकडच्या प्रदर्शनांच्या प्रवेशपत्रिका आखणाऱ्यांनी हा मुद्दा मनावर घ्यायला हवा.

बक्षिसासाठी कीटकनाशकांचा मारा होतो, हा आक्षेप तर मला पूर्ण मान्य आहे. ३०० चौरस फुटांच्या घरात गुलाबाची ग्रिल आणि स्वयंपाकाचा ओटा यांत चार पावलांचे अंतर असते. तिथे आंतरप्रवाही विष फवारणे हा निव्वळ अविचार आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची धूळ आणि मेट्रोच्या कामाचा धुरळा हिवाळ्यात पानांवर बसतो, आणि धुळीच्या आडोशाला लाल कोळी माजतो. त्याला रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा पुरतो. मावा बोटांनी पुसता येतो. फुलकिड्यांनी पाकळीची कडा थोडी खाल्ली तर दोन गुण गेले समजावे. ते दोन गुण मिळवण्यासाठी घरात विष आणू नये, असा या पुस्तकाचा दंडक आहे. सुगंधाची तक्रारही खरी, पण अर्धीच: बहुतेक मिनिएचर निर्गंध असले तरी मूर यांच्या ‘स्वीट चॅरियट’सारखे घमघमणारेही आहेत. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबालाही वास कुठे असतो?

शेवटी एक गोष्ट मागायची आहे, वाचकांकडे आणि आयोजकांकडेही. आपल्या नर्सऱ्यांत छोटे गुलाब ‘लाल मिनी’, ‘पिवळा मिनी’ असे विकले जातात. उरुळी कांचनकडून रोपे निघताना कदाचित चिठ्ठी असते, आरे कॉलनीच्या रस्त्यापर्यंत येईतो ती गळून पडते. गहू सुधारणारे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी गुलाबांवर तितक्याच निष्ठेने काम केले आणि १९६६ मध्ये भारतातल्या गुलाबांवर ग्रंथ लिहिला, तो जातवार नोंदींच्या आधारावर. नाव नसेल तर नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर जोगेश्वरीच्या चौथ्या मजल्यावर तीन पावसाळे काढलेला गुलाब कोणता हे शेजारच्या इमारतीलाही कळत नाही. म्हणून रोप घेताना जातीचे नाव विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर नाव असलेले रोप मिळेपर्यंत थांबा. कुंडीत पट्टी खोचून तीवर जात, लागवडीचा महिना आणि खिडकीची दिशा लिहा. आयोजकांनी प्रवेशपत्रिकेत पॅटिओचा स्वतंत्र वर्ग ठेवावा, आणि त्यासोबत फक्त खिडकीत किंवा गॅलरीत वाढवलेल्या गुलाबांसाठी एक वर्ग उघडावा. त्या वर्गात पहिली दहा नावे जोगेश्वरीची यावीत, इतकी तयारी तुम्ही या ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू करा.